पहिल्या तीन दिवसांचा हिशेब



कामगार संघटनेच्या कामात केस पिकलेल्या माणसाने या व्यासपीठावरून सिनेमाच्या गल्ल्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्यासारख्याने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. कोणता चित्रपट शुक्रवारी किती कमावणार याच्या अंदाजाशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आमचे शालेय शिक्षण बेताचे. पुढे जे थोडेफार वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्री. त्या वाचनात एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. माणसाच्या श्रमाचे मोल कोणत्या तरी आकड्यावरून ठरते, आणि तो आकडा मोजतो कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपले मोल कमी का ठरले हे कधीच कळत नाही. सिनेमाच्या धंद्यात हा आकडा कसा जन्मला, कसा वाढला आणि अलीकडे कसा दडवला जाऊ लागला, याचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ सांगून टाकू. अमेरिकेत नवा चित्रपट बहुधा शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत तिकीटखिडकीवर जी रक्कम जमते तिला ‘ओपनिंग’ म्हणतात. आपल्याकडेही हाच शब्द रूढ झाला आहे. चित्रपट लागण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून या ओपनिंगचे अंदाज बांधले जातात, छापले जातात, आणि सोमवारी त्यांचा निकाल लागतो. दोन मोठे चित्रपट एकाच शुक्रवारी समोरासमोर आले, की फडातल्या कुस्तीसारखी चर्चा रंगते. हे सारे आता इतके अंगवळणी पडले आहे की, सिनेमा जन्मला तेव्हापासून असेच चालत आले असावे असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि तेवीस दिवस चालला. पुढे १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, तो मुंबईच्या एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. त्या काळी यश मोजावयाचे ते आठवड्यांनी. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ‘दहावा आठवडा’, ‘पंचविसावा आठवडा’ असे मोठ्या अक्षरांत छापले जाई, आणि पंचविसाव्याला रौप्यमहोत्सव होई. या मापाचा एक मोठा गुण होता. ते सर्वांना दिसे. रस्त्याने हातगाडी ओढत जाणाऱ्या हमालालाही थिएटरावरचा फलक पाहून कळे की, हा खेळ गेल्या दिवाळीपासून अजून उतरलेला नाही. त्यासाठी कोणाच्या चोपड्या तपासण्याची गरज नव्हती.

अमेरिकेतही पहिल्या तीन दिवसांना फारसे महत्त्व नव्हते, परंतु त्याचे कारण निराळे होते. तेथे पाच बड्या कंपन्या चित्रपट काढीत, आणि मोठ्या शहरांतली उत्तम थिएटरेही त्यांच्याच मालकीची असत. नवा चित्रपट आधी शहराच्या मध्यभागी भारी दराने लागे. काही आठवड्यांनी तो उपनगरांत उतरे, त्यानंतर लहान गावांत जाई. हा प्रवास महिनोन्महिने चाले. स्वतंत्र थिएटरमालकांना चित्रपट गठ्ठ्याने घ्यावे लागत. नामवंत नटाचा एक हवा असेल तर त्याच्या जोडीला सुमार चित्रपटांचे ओझे पत्करा, अशी अट असे; आणि ते कित्येकदा पाहण्यापूर्वीच पत्करावे लागे. जो माल आधीच गळ्यात मारून झाला आहे त्याच्या खपाचा अंदाज करीत कोण बसणार? मे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंटच्या खटल्यात या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर बड्या कंपन्यांना थिएटरांच्या साखळ्या आपल्यापासून वेगळ्या कराव्या लागल्या. आता प्रत्येक चित्रपट स्वतःच्या बळावर विकणे आले. त्याच सुमारास घरोघर टेलिव्हिजन आला आणि संध्याकाळचा प्रेक्षक घरीच बसू लागला. धंद्यात भीती शिरली; आणि जेथे भीती शिरते तेथे भविष्य सांगणाराला मागणी येते.

अंदाजाचे शास्त्र मात्र त्यापूर्वीच निवडणुकांच्या निमित्ताने तयार झाले होते. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांवर परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन निवडून येणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून. मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी टेलिफोन नाही आणि दारी मोटार नाही तो मतदार त्यांच्या हिशेबात आलाच नाही. जॉर्ज गॅलप यांनी फार थोड्या, परंतु सर्व थरांतल्या माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला. या गॅलपनीच १९४० पासून आर. के. ओ. या चित्रपट कंपनीसाठी प्रेक्षकांची पाहणी सुरू केली. या नटीसाठी तिकीट काढाल काय, हे नाव आवडते काय, या चित्रपटाविषयी आपल्या कानांवर काही आले आहे काय, असे प्रश्न विचारून चित्रपट लागण्यापूर्वीच त्याचे भवितव्य वर्तवण्याचा हा पद्धतशीर उद्योग होता. ज्याला विचारलेच नाही तो अंदाजात नसतो, ही १९३६ ची शिकवण आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता १९७५ सालाकडे येऊ. २० जून १९७५ रोजी शुक्रवारी ‘जॉज’ हा शार्क माशाचा चित्रपट अमेरिकेत एकाच वेळी ४०९ थिएटरांत लागला. त्यापूर्वीच्या तीन रात्री टेलिव्हिजनवर सुमारे सात लाख डॉलर खर्चून जाहिरातींचा भडिमार करण्यात आला होता. पहिल्या तीन दिवसांत सुमारे सत्तर लाख डॉलर जमले. एकाच दिवशी शेकडो ठिकाणी चित्रपट लावण्याची युक्ती तशी जुनी होती, परंतु पूर्वी ती मुख्यतः हलक्या मालासाठी वापरीत. चित्रपट वाईट आहे हे लोकांच्या तोंडून पसरण्यापूर्वीच पैसे गोळा करून मोकळे व्हावे, हा तिच्यातला हेतू. ‘जॉज’ने तीच युक्ती उत्तम मालाला लावली आणि ती सर्वमान्य झाली. थिएटरवाल्याशी होणाऱ्या करारांत वितरकाचा वाटा बहुधा पहिल्या आठवड्यांत मोठा असतो आणि पुढे उतरत जातो. तेव्हा जेवढी गर्दी आधी, तेवढा वितरकाचा लाभ अधिक. अशा रीतीने आठवड्यांचे माप मागे पडले आणि तीन दिवसांचे माप पुढे आले.

त्याच वर्षी आपल्याकडे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला. आरंभीच्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी चित्रपट पडला असा निर्वाळा दिला. शेवट बदलून नव्याने चित्रण करावे की काय, इथपर्यंत निर्मात्यांची चर्चा गेली. पुढे तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला. आणि ज्याच्यापाशी ना मोठे नट होते ना मोठे भांडवल, तो ‘जय संतोषी माँ’ त्याच १९७५ साली गावोगाव तुडुंब गर्दी खेचून गेला. पहिल्या दिवसांवरून केलेला निवाडा ‘शोले’ने खोटा ठरवला, तो थिएटरवाल्यांनी चित्रपट उतरवला नाही म्हणून. तीनच दिवसांचा मुलाहिजा असता तर लोकांच्या मुखातून पसरणाऱ्या कीर्तीला वेळ मिळाला नसता.

दोन वर्षांनी अमेरिकेत याहूनही बोलका प्रसंग घडला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचे दोन चित्रपट १९७७ च्या उन्हाळ्यात यावयाचे होते. एक सिडनी शेल्डन यांच्या गाजलेल्या कादंबरीवरचा ‘द अदर साइड ऑफ मिडनाइट’, आणि दुसरा ‘स्टार वॉर्स’. थिएटरमालकांचा कौल पहिल्याला होता. दुसऱ्याला कोणी जागा देईना. तेव्हा कंपनीने, कादंबरीवरचा चित्रपट हवा असेल तर ‘स्टार वॉर्स’ही लावा, अशी अट घातली. म्हणजे न्यायालयाने मोडून काढलेली गठ्ठ्याची जुनी खोड पुन्हा वर आली. २५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ अवघ्या ३२ थिएटरांत लागला आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याला ओझे म्हणून बांधले तोच बैल गाडी ओढून गेला.

अशा चुकांचा खर्च परवडेना, म्हणून मोजणीची यंत्रणा उभी राहिली. थिएटरांच्या गल्ल्याचे आकडे ‘व्हरायटी’ हे धंद्याचे पत्र १९२० च्या दशकापासून शहरवार छापीतच होते. १९७६ साली मार्सी पोलिअर या बाईंनी थिएटरांना टेलिफोन करून रोजचे आकडे एका ठिकाणी गोळा करण्याचा व्यवसाय सुरू केला. १९७८ साली जोसेफ फॅरेल यांच्या नॅशनल रिसर्च ग्रूपने चित्रपट लागण्याआधीच प्रेक्षकांना टेलिफोनवर विचारण्याची पद्धत बसवली. १९७९ पासून सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून चित्रपटाला शाळेसारखे गुण देववू लागली.

फॅरेल यांच्या प्रश्नांची रीत मुद्दाम सांगतो. लवकरच येणाऱ्या चित्रपटांची नावे आपणहून आठवतात काय? नाव सांगितले तर ओळखता काय? पाहण्याची खरोखर इच्छा आहे काय? आणि या साऱ्यांत पहिली पसंती कोणाला? हे प्रश्न वाचले तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही. संपाची हाक देण्यापूर्वी प्रत्येक संघटक हेच प्रश्न मनाशी विचारतो. मागणी कामगारांपर्यंत पोहोचली आहे काय? पटली आहे काय? आणि पहिल्या पाळीला, सकाळी सात वाजता, गेटवर किती माणसे उभी राहतील? सभेत हात वर करणे निराळे आणि गेटवर येणे निराळे, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो. चित्रपटाचेही तसेच. ‘पाहीन’ म्हणणारा प्रत्येक जण तिकीट काढीत नाही. म्हणून अंदाज करणारे मागच्या चित्रपटांचा अनुभव घेतात. त्या वेळी इतक्या जणांनी ‘पाहीन’ म्हटले आणि इतकी तिकिटे खपली, तर या वेळी किती खपतील, असे हे त्रैराशिक आहे. १९८३ साली बॅरी लिटमन या प्राध्यापकांनी त्याला संख्याशास्त्राची जोड दिली. २०१० साली सीताराम असुर आणि बर्नार्डो ह्युबरमन या संशोधकांनी ट्विटरवरचे सुमारे २९ लाख संदेश तपासून २४ चित्रपटांचे अंदाज केले. किती लोक बोलतात आणि किती वेगाने बोलतात, एवढ्यावरूनही ओपनिंग बऱ्यापैकी ओळखता येते, असे त्यांना दिसले.

परंतु पावसाच्या अंदाजात आणि या अंदाजात एक मूलभूत फरक आहे. वेधशाळेने पाऊस पडेल म्हटले म्हणून ढग येत नाहीत. येथे मात्र अंदाजावरून जाहिरातीचा पैसा ठरतो, थिएटरांची संख्या ठरते, खेळांच्या वेळा ठरतात. आणि या साऱ्यावरून गल्ला ठरतो. ज्याला चांगले भाकीत मिळाले त्याला संध्याकाळचा खेळ मिळतो, ज्याला वाईट मिळाले त्याला सकाळचा. मग सकाळी माणसे आली नाहीत म्हणून भाकीत खरे ठरले असे सांगतात! मराठी चित्रपटांना हा अनुभव नवा नाही. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ची वेळ आली तेव्हा दादरच्या कोहिनूर थिएटरने देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’ला पसंती दिली. मोठ्या नटाचा हिंदी चित्रपट अधिक चालेल, हा थिएटरमालकाचा अंदाज. शिवसेनेने रस्त्यावर येऊन ‘सोंगाड्या’ला तेथे जागा मिळवून दिली आणि त्या चित्रपटाने रौप्यमहोत्सव केला. अंदाज चुकला हे कळावयालादेखील आधी पडदा मिळावा लागतो, एवढाच मुद्दा येथे ध्यानात घ्यावा. ज्यांना पडदा मिळालाच नाही त्यांच्या बाबतीतले अंदाज चुकले की बरोबर होते, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

आता दोन चित्रपटांच्या सामन्याचे पाहू. अंदाज करणारांचे एक गृहीत असते की, प्रेक्षकांचा खिसा एकच, म्हणून एकाला मिळाले ते दुसऱ्याचे गेले. हे गृहीत पुष्कळदा खरे ठरते, परंतु नेहमी नाही. १५ जून २००१ रोजी ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी लागले. गल्ल्यात ‘गदर’ पुढे राहिला, ‘लगान’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, आणि दोघांनाही प्रेक्षक मिळाला. याचे मोठे प्रत्यंतर २१ जुलै २०२३ रोजी आले. त्या शुक्रवारी अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सचा ‘बार्बी’ ४,२४३ थिएटरांत आणि युनिव्हर्सलचा ‘ओपेनहायमर’ ३,६१० थिएटरांत लागला. एक बाहुलीवरचा, दुसरा अणुबाँबच्या शास्त्रज्ञावरचा. तीनएक आठवडे आधीचे अंदाज ‘बार्बी’ला आठ कोटी डॉलरांच्या आतबाहेर आणि ‘ओपेनहायमर’ला चार कोटींच्या पुढे असे होते. पुढे ते वाढत गेले, परंतु स्वतः वॉर्नर कंपनी अखेरपर्यंत साडेसात कोटींच्याच गोष्टी करीत होती. अपेक्षा मुद्दाम खाली ठेवावी, म्हणजे सोमवारी यश मोठे दिसते, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. वाटाघाटीच्या टेबलावर समोरचे व्यवस्थापन यंदा नफा नाहीच असे म्हणत बसते, त्याच जातीची.

प्रत्यक्षात ‘बार्बी’ला १६ कोटी २० लाख आणि ‘ओपेनहायमर’ला ८ कोटी २४ लाख डॉलर मिळाले. सर्व चित्रपट मिळून त्या तीन दिवसांचा गल्ला तीस कोटींच्या वर गेला. लोकांनी या सामन्याचा सण करून टाकला. एएमसी या थिएटरसाखळीच्या चाळीस हजारांहून अधिक सभासदांनी दोन्ही चित्रपटांची तिकिटे एकाच दिवसासाठी आधीच काढून ठेवली होती. खिसा एक असला तरी तो किती उघडावयाचा हे खिशाचा धनी ठरवतो, ही गोष्ट त्रैराशिकात बसली नव्हती. येथे १९३६ ची शिकवण पुन्हा आठवते. विचारणारांनी दोहोंपैकी पहिली पसंती कोणती हे विचारले. ज्याला दोन्ही हवे होते त्याच्या उत्तराला त्या रकान्यात जागा नव्हती.

आणखी एक बारीकशी गोष्ट पाहा. रविवारी दुपारी जो तीन दिवसांचा आकडा जगभर छापला जातो, त्यात रविवार हा अंदाजच असतो. संध्याकाळचे खेळ व्हावयाचे असतात, तिकिटे खपावयाची असतात, तरी कंपन्या आकडा जाहीर करून मोकळ्या होतात. खरा हिशेब सोमवारी येतो. ‘बार्बी’चा रविवारचा आकडा १५ कोटी ५० लाख होता, सोमवारी तो १६ कोटी २० लाख झाला, ‘ओपेनहायमर’चा ८ कोटी ५ लाख होता, तो ८ कोटी २४ लाख झाला. म्हणजे आपण ज्याला निकाल समजतो त्यातही भाकिताचा अंश असतो. मात्र सोमवारी तो दुरुस्त होतो, कारण हजारो थिएटरांतल्या खिडक्यांवर तिकिटे मोजलेली असतात. या सोमवारच्या मोजणीचे महत्त्व आपण पुढे पाहू.

अंदाजाचा धंदा वाढला की सट्टा त्याच्या पाठोपाठ येतो. १९९६ साली ‘हॉलिवुड स्टॉक एक्स्चेंज’ निघाले. तेथे खोट्या पैशांनी चित्रपटांचे शेअर घेता-विकता येत. तो खेळ होता. परंतु २०१० साली खऱ्या पैशांनी गल्ल्याचे वायदे करण्याची योजना पुढे आली आणि वायदेबाजाराच्या सरकारी नियामकाने तिला मान्यताही दिली. तेव्हा चित्रपट कंपन्या, थिएटरमालकांची संघटना, दिग्दर्शकांची संघटना आणि पडद्यामागच्या कामगारांची युनियन हे सारे, जे एरवी एकमेकांशी भांडतात, एकत्र येऊन विरोधाला उभे राहिले. चित्रपट पडावा यात ज्याचा पैसा गुंतला आहे, तो चित्रपटाची अफवा उठवण्यास किती कचरेल, असा त्यांचा साधा सवाल होता. जुलै २०१० मध्ये अमेरिकेने कायद्याने हे वायदे बंद केले. यापूर्वी त्या देशाने एकाच वस्तूचे वायदे अशा रीतीने बंद केले होते, आणि ती वस्तू म्हणजे कांदा. १९५५ साली शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी जवळजवळ सारा कांदा ताब्यात घेऊन मग भाव असा पाडला की, ऑगस्टमध्ये पावणेतीन डॉलरला जाणारे पन्नास पौंडांचे पोते पुढल्या मार्चमध्ये दहा सेंटांना कोणी घेईना; आतल्या कांद्यापेक्षा गोणपाट महाग झाले. शेतकरी बुडाले, आणि १९५८ साली कायदा आला. लासलगावच्या बाजारात भाव कोसळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना कांदा आणि सिनेमा एका पंक्तीत का बसले हे समजावून सांगावे लागणार नाही. दोन्ही नाशवंत, आणि दोहोंच्या बाबतीत भावाची कुजबूजच भाव ठरवते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या दिवशी ‘बार्बी’ आणि ‘ओपेनहायमर’ यांचा सामना होता, त्या दिवशी हॉलिवुड संपावर होते. लेखकांचा संप २ मे २०२३ पासून चालू होता आणि १४ जुलैपासून नटनट्या त्यात उतरल्या होत्या. १३ जुलैला लंडनला ‘ओपेनहायमर’चा पहिला खेळ होता, संप जाहीर होत आहे असे कळताच त्यातले कलावंत थिएटरातून निघून गेले. अखेरच्या आठवड्यात प्रसिद्धीला एकही नट येऊ शकला नाही. एकीकडे पडद्यावर विक्रमी गल्ला, दुसरीकडे त्याच कंपन्यांच्या दारांत फलक घेऊन फेऱ्या घालणारी माणसे, असे ते दृश्य होते.

त्यांची मागणी काय होती? १९६० साली याच दोन संघटनांनी असाच जोडीने संप केला होता. तेव्हा नटांचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. थिएटरसाठी केलेला चित्रपट टेलिव्हिजनला विकला तर त्या विक्रीत आमचा वाटा हवा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १९६० नंतरच्या चित्रपटांपुरते ते मान्य झाले. हा वाटा घ्यावयाचा तर विक्री किती झाली हे कळले पाहिजे. थिएटरात ते कळते, कारण तेथे तिकीट आहे, खिडकी आहे, सोमवारचा हिशेब आहे. पुढे घरबसल्या इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्या आल्या. तेथे तिकीट नाही. महिन्याची वर्गणी आहे. एखादी मालिका किती जणांनी पाहिली हे कंपनीच्या यंत्राला क्षणाक्षणाला ठाऊक असते, परंतु ज्याने ती लिहिली त्याला ठाऊक नसते. ओपनिंगचा अंदाज तर सोडाच, ओपनिंग झाले की नाही हेच बाहेर कळेना. यश मोठे असो वा लहान, मोबदला ठरीव. आणि अधिक मागावे तर पुरावा मालकाच्या तिजोरीत.

लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि नटांचा ११८ दिवस. लेखकांच्या करारात ठरले की, मोठ्या खर्चाची मालिका किंवा चित्रपट पहिल्या नव्वद दिवसांत त्या देशातल्या वर्गणीदारांपैकी वीस टक्क्यांना पुरेल इतका पाहिला गेला तर लेखकाला अधिक रक्कम मिळावी. आणि किती तास पाहिला गेला याचे आकडे, गुप्ततेच्या अटीवर का होईना, संघटनेला दाखवावेत. डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने अठरा हजारांवर कार्यक्रमांच्या पाहणीचे तास प्रथमच जाहीर केले. दार पुरते उघडले नाही, परंतु फटीतून उजेड आला. आम्हांस तर या संपातली ही मिळकत पगारवाढीहून मोठी वाटते. पगारवाढ महागाई खाऊन टाकते. हिशेब पाहण्याचा हक्क एकदा मिळाला की पुढल्या प्रत्येक कराराला उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या बोनसच्या लढ्यांत हाच प्रश्न वर्षानुवर्षे होता. १९६५ चा बोनस कायदा आला तेव्हा नफ्यातून किती टक्के वाटावे याचे सूत्र त्यात होते; परंतु तपासनिसाने तपासलेला ताळेबंद खरा मानूनच चालावे, असेही त्यात होते. सूत्र कामगाराच्या हाती आणि आकडे मालकाच्या हाती! अशा वेळी बेरीज-वजाबाकी कितीही पक्की असली तरी उत्तर कोणाच्या सोयीचे यावयाचे हे ठरलेलेच असते.

अंदाज करण्यात पाप नाही. शेतकरी आभाळ पाहून पेरणीचा अंदाज करतो, गृहिणी पाहुण्यांची संख्या धरून तांदूळ घेते, आम्ही सभेला किती माणूस येईल हे धरून मंडप घालतो. अंदाज चुकतो, आणि पुढल्या खेपेस सुधारतो. परंतु तो सुधारावयाचा तर प्रत्यक्ष काय घडले ते सर्वांसमोर मोजले गेले पाहिजे. ‘संत तुकाराम’चे आठवडे रस्त्यावरून मोजता येत होते; ‘शोले’ची रांग लोकांनी डोळ्यांनी पाहिली; ‘बार्बी’चा रविवारचा आकडा सोमवारी सुधारला गेला. जेथे सोमवार येतच नाही, तेथे भाकीत करणाराचे कधीच चुकत नाही आणि काम करणाराचे मोल कधीच वाढत नाही. आज थिएटरात नव्हे, तर घराघरांत, कारखान्यांत, मोबाइलवरून कामे वाटणाऱ्या कंपन्यांत मोजणी यंत्रांकडे जात आहे. स्कूटरवरून जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या मुलाला आज किती खेपा मिळतील याचा अंदाज यंत्र करते, खेपाही तेच मोजते, आणि मोबदलाही तेच ठरवते. त्या मुलाला त्याची वही पाहता आली पाहिजे. हॉलिवुडच्या लेखकांनी १४८ दिवस फलक हाती धरले ते या वहीसाठी, आणि आपल्या शहरातल्या त्या मुलांनाही एक दिवस तीच मागणी करावी लागणार आहे. ती ते करतील तेव्हा त्यांच्या बाजूला आपण असावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.